थापीची कोरडी भिंत

थापी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. आईबापांनी ठेवलं होतं एक चांगलंसं, पण ते शाळेच्या दाखल्यातच राहिलं. गवंडी माणूस, हातात कायम गिलाव्याची थापी, म्हणून लोक त्याला थापी म्हणायचे. नवीन माणूस आलं की विचारायचं, का हो, थापाड्या आहे का हा? तर गल्लीतली शिंपीणकाकू म्हणायची, "छे हो, थापा मारायला तोंड उघडावं लागतं. हा तर मूग गिळून बसलेला असतो."

पण गिलावा करावा तर त्यानेच. एकदा हात फिरवला की भिंतीवर बसलेली माशी घसरावी असं काम. फक्त एक खोड होती त्याला. भेग दिसली की जीव थाऱ्यावर राहायचा नाही. कुणाकडे बसायला जावं, पुढ्यात चहा यावा, तर ह्याची नजर भिंतीवर. बोलता बोलता उठायचा, नखाने भेग खरवडायचा आणि म्हणायचा, "उद्या येतो, बुजवून टाकतो." घरी आल्यावर बायको कपाळाला हात लावायची. "माझ्या माहेरी गेलात, माझ्या बापाची तब्येत विचारली नाहीत, न्हाणीघराच्या भिंतीची विचारलीत!"

"बापाची बरी दिसत होती," थापी म्हणायचा. "भिंतीची नव्हती."

तर ही गल्ली होती टेकडीच्या उतारावर. घरं अशी पायऱ्यांसारखी, खालच्याचं छप्पर वरच्याच्या अंगणाला टेकलेलं. थापीचं घर खाली रस्त्याकडे, आणि सगळ्यात वरचं घर त्याच्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं. अक्काच्या घरामागे एक अरुंद बोळ, दोन माणसं जेमतेम शेजारून जातील असा. आणि बोळापलीकडे लांबच्या लांब दगडी भिंत. टेकडीची माती खाली येऊ नये म्हणून जुन्या लोकांनी कधीतरी बांधलेली.

अक्का इस्त्रीचं काम करायची. एकटीच होती, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. थापी लहान असताना आई गेली, तेव्हा हिनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, वाढवलं. म्हणजे बहीण कसली, आईच. मोठ्या दवाखान्याच्या चादरी तिच्याकडे यायच्या. धुवायची, मागच्या बोळात दोरीवर वाळत घालायची, कडक इस्त्री करून परत द्यायची. आता त्या भिंतीला खालच्या बाजूला ओळीने भोकं होती, मुठीएवढी. पावसाळा आला की त्यातून पाणी गळायचं. टपटप, टपटप. भिंतीवर हिरवे-तांबडे ओघळ, बोळात चिखल, आणि पांढऱ्या चादरीवर शिंतोडे. अक्का एक चादर तीन तीनदा धुवायची.

एकदा ती नुसती म्हणाली, "मेली ही भिंत, सदा रडत असते." बस. थापीला तेवढं पुरलं. अक्काच्या दारात कुणी रडलेलं त्याला कसं चालेल? उन्हाळ्यात त्याने कामं बाजूला ठेवली. एकेक भोक साफ केलं, आत खडी ठोकली, सिमेंट भरलं, आणि वरून अख्ख्या भिंतीला गिलावा केला. असा गिलावा त्याने आपल्या जन्मात केला नव्हता. गल्ली बघायला लोटली. शिंपीणकाकू गाल लावून बघते की काय असं वाटलं. अक्का येईल त्या माणसाला हाताला धरून बोळात न्यायची. "माझ्या भावाने केलीय."

पुढच्या पावसात भिंत खडखडीत कोरडी. थापी रोज वर जाऊन बघायचा आणि खूश होऊन खाली यायचा.

पण मग काही गोष्टी अशा व्हायला लागल्या, की त्याला उलगडा होईना. अक्काच्या स्वयंपाकघरातली फरशी ओली राहायला लागली. पुसली तरी परत ओली. वर छप्पर ठणठणीत, नळ बंद, मग पाणी येतंय कुठून? मागचं दार घासायला लागलं. थापीने रंधा मारून सारखं केलं, आठवड्यात परत अडकलं. परत रंधा मारला. अक्का म्हणाली, "अरे, असं करत करत दाराची खिडकी होईल." अंगणातल्या धुण्याच्या दगडाखालून पाण्याचा झरा फुटला. पाणी कसं, तर स्वच्छ. अक्का म्हणाली, बरंच झालं, नळावर जायला नको. आणि घराच्या कोपऱ्यावरचा विजेचा खांब जरा टेकडीला पाठ करून उभा राहिल्यासारखा दिसायला लागला. की आधीपासूनच तसा होता? थापी खालून बघायचा, वरून बघायचा, मान वाकडी करून बघायचा. शेवटी बायको म्हणाली, "खांब सरळ आहे, तुम्हीच वाकडे झालात."

भिंत कोरडी, आणि बाकी सगळं ओलं. हे काय गणित आहे? त्याने विचार केला, गिलावा कुठेतरी कमी पडला असेल. स्वयंपाकघराच्या फरशीच्या कडेलाही सिमेंट भरलं. पाणी तिथून थांबलं आणि चुलीच्या ओट्याखालून निघालं.

अशात टेकडीची कामं बघणाऱ्या कचेरीतून एक बाई आल्या. मोजणीच्या बाई. वयाने लहानच, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि खांद्यावर ते तीन पायांचं यंत्र. त्यांनी गल्लीतल्या सगळ्यांना शिंपीणकाकूच्या ओट्यावर जमवलं आणि सांगितलं, की दरड काही न सांगता येत नाही. ती आधी खुणा करते, आपण बघत नाही. नवीन भेगा पडतात. दारं-खिडक्या अडकायला लागतात. खांब, झाडं कलतात. कधी नव्हे तिथे पाणी फुटतं. आणि चालू असलेलं स्वच्छ पाणी एकदम गढूळ झालं, किंवा एकदम थांबलं, तर मग भांडीकुंडी बघायची नाहीत, निघायचं.

थापी ऐकत होता आणि मनात एकेक खूण अक्काच्या घराला लावून बघत होता. दार, हो. खांब, बहुतेक. पाणी, हो. पण भिंत तर कोरडी होती! मग?

बाईंनी माणसंही नेमून दिली. वरच्या घरांवर नजर ठेवायची शिंपीणकाकूने, कारण तसंही तिची नजर सगळ्यांच्या घरांवरच असते. इशारा द्यायचा दूधवाल्याने, दुधाचा रिकामा कॅन बडवून. कॅन वाजला की सगळ्यांनी खालच्या शाळेच्या मोठ्या खोलीत जमायचं, आणि जायचं ते उताराच्या कडेच्या पायऱ्यांनी, मधल्या नाल्यातून नाही, कारण माती आली की नाल्यातूनच येते. म्हाताऱ्या माणसांना कुणी धरायचं तेही ठरलं. आणि लगेच त्याची तालीमही झाली. दूधवाल्याने कॅन बडवला तर अर्ध्या लोकांना वाटलं दूध आलं, ते पातेली घेऊन बाहेर आले. कुणाचे तरी सासरे अर्धी दाढी केलेले तसेच शाळेत. अक्का आली ती हातात इस्त्री घेऊन, आणि शाळेच्या दारातून परत वर गेली, का, तर कुलूप लावलं की नाही ते ओढून बघायला.

"मावशी," बाई म्हणाल्या, "तुम्ही आत्ता दरडीत गेलात."

"बरं, पण कुलूप लागलं होतं," अक्का म्हणाली.

हसणं चाललं होतं, तेवढ्यात बाई म्हणाल्या, आता वरची भिंत दाखवा. सगळी वरात बोळात. बाईंनी भिंतीकडे बघितलं, इकडून तिकडे गेल्या, तिकडून इकडे आल्या.

"ह्या भिंतीला भोकं नाहीत?"

शिंपीणकाकू काय खुलली! "होती की! ही एवढी एवढी होती. आमच्या थापीने बुजवली. शोधून दाखवा बरं एक तरी!"

सगळे थापीकडे कौतुकाने बघायला लागले. बाईंनी खरंच शोधलं. हाताने चाचपत चाचपत टोकापर्यंत गेल्या. परत आल्या तेव्हा चेहरा उतरला होता. "नाही सापडत," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी समजावलं. माती पाणी पिते, जड होते. ते पाणी बाहेर पडायला वाट हवी, म्हणून भोकं. वाट नसली की पाणी मागेच साठतं आणि भिंतीला ढकलत राहतं, नाहीतर भिंतीखालून जिथे मिळेल तिथून निघतं.

थापी पुढे झाला. "म्हणजे भिंत गळत होती, ती चांगली होती?"

"हो काका."

"आणि आता कोरडी आहे, ती वाईट?"

"हो."

"मग अक्काचं छप्पर मागे गळत होतं, ते?"

"ते वाईटच."

लोक खो खो हसले. थापी नाही हसला. त्याचं सगळं आयुष्य पाणी अडवण्यात गेलेलं. गच्ची, मोरी, टाकी, जिथे पाणी दिसेल तिथे त्याने बोळा घातला होता, आणि लोकांनी शाबासकी दिली होती. आणि ही मुलगी म्हणते, पाण्याला जाऊ द्या.

"ठीक आहे," तो म्हणाला, "मी आत्ता पहार आणतो आणि फोडतो."

"अजिबात नाही!" बाईंनी त्याचा हातच धरला. "एवढा पाऊस प्यायलेली भिंत, मागे किती पाणी आहे ठाऊक नाही. समोर उभं राहून कुणी भोक पाडायचं नाही. आधी वरची घरं रिकामी करायची. मग माझी माणसं येतील, कडेने सुरुवात करतील."

"म्हणजे फोडायची, पण फोडायची नाही."

"आत्ता नाही फोडायची."

"मग पडेल का ती?"

"तेही मला नक्की सांगता येत नाही काका. पडेल असं गृहीत धरायचं."

वरच्या घरांतली बाकीची माणसं कुरकुरत का होईना, शाळेत नाहीतर नातेवाइकांकडे गेली. अक्का हलेना. शिंपीणकाकू जाऊन आली, दूधवाला जाऊन आला, बाई तर दोनदा. अक्काचं एकच. "माझ्या भावाने केलेली भिंत आहे. तो कच्चं काम करत नाही. ज्या दिवशी तो म्हणेल वाईट आहे, त्या दिवशी उठेन. तुमच्या म्हणण्याने नाही."

मग काय, सगळे थापीच्या मागे. तूच सांग, तुझंच ऐकेल. तो वर गेला. बसला. चहा प्याला. परत आला. बायको दारातच उभी. "सांगितलंत वन्संना?"

"दार परत अडकत होतं. सारखं करून दिलं."

"अहो, दार सारखं करायला गेला होतात का?"

त्याचं त्यालाच कळत नव्हतं. भिंत वाईट आहे असं म्हणावं, तर मनाला पटत नव्हतं. चांगली आहे असं म्हणावं, तर जीभ उचलत नव्हती. त्याने शेवटी ओळंबा काढला, दोरीला वजन बांधलेला. ओळंबा खोटं बोलत नाही. बोळात, भिंतीच्या जवळ न थांबता, अक्काच्या छपरावरून दोरी सोडली. मधल्या भागात भिंत पुढे आली होती. बोटभर असेल. पोट सुटल्यासारखी. मग त्याला आठवलं, अरे, मधे दगड खाली-वर होते, तिथे आपणच गिलावा जाड दिला होता सारखं दिसावं म्हणून. किती जाड दिला होता? बोटभर? की दोन बोटं? ते काही आठवेना. मग भिंत पुढे आलीय, की गिलावाच तिथे पुढे होता? जुनी भिंत दिसली असती तर कळलं असतं, पण जुनी भिंत त्यानेच झाकली होती. इतकी छान झाकली होती, की आता त्यालाच तिच्याबद्दल काही विचारता येत नव्हतं. दोरी हातात धरून तो छपरावर नुसता बसून राहिला. खालून अक्का ओरडली, "वर कबुतरं पाळतोयस का रे?"

दोन दिवस पाऊस थांबला नाही. मग एका दुपारी शिंपीणकाकू भिजत भिजत थापीच्या दारात. एवढी बोलकी बाई, पण तिला धड बोलता येईना. "दगडाखालचं पाणी... अक्काच्या... चहासारखं झालंय."

तिकडे दूधवाल्याचा कॅन वाजायला लागला आणि इकडे थापी कडेच्या पायऱ्या चढायला लागला.

अक्का आत चादर इस्त्री करत होती. कॅन ऐकू येत होता, पण तिचं आपलं काम चालू. त्याला बघून म्हणाली, "पाय पूस आधी."

"अक्का, चल."

"भिंत वाईट आहे?"

"माहीत नाही."

अक्काने मान वर केली. "म्हणजे?"

"म्हणजे माहीत नाही! ओळंबा लावून बघितला, कळलं नाही. हात लावून बघितला, कळलं नाही. बाईंचं पटतंही आणि पटतही नाही. चांगली आहे का, माहीत नाही. पडेल का, माहीत नाही. मीच केली आणि मला तिच्यातलं काही म्हणजे काही कळत नाहीये, अक्का."

आता अक्काने त्याला लहानाचा मोठा केलेला. दुधाचे दात पडले तेव्हासुद्धा हा म्हणाला होता, "माहीत आहे, नवीन येतात." भिंतीबद्दल 'माहीत नाही' हे ह्याच्या तोंडून तिने कधी ऐकलं नव्हतं. वाईट आहे म्हणाला असता तर ती भांडली असती, म्हणाली असती, त्या मुलीने तुझे कान भरलेत. पण ह्याला ती काय म्हणणार? तिने इस्त्री उभी ठेवली.

"थांब, बटण बंद करते."

बटण बंद केलं. चादरींचा गठ्ठा बांधायला लागली.

"अगं, सोड ते!"

"लोकांच्या आहेत त्या. तुला घ्यायचा नसेल तर सरक, मी घेते."

थापीने गठ्ठा डोक्यावर घेतला, दुसऱ्या हाताने अक्काचं मनगट धरलं. मागचं दार उघडेचना, म्हणून पुढून निघाले. कुलपाकडे तिने वळून बघितलं, पण ह्या वेळी ओढून बघायला थांबली नाही.

त्या दिवशी भिंत पडली नाही. शाळेत सगळे अवघडून बसलेले, आणि भिंत जागच्या जागी. लोक परत कुजबुजायला लागले, उगाच घाबरवलं म्हणून. अक्का थापीकडे बघायची, थापी जमिनीकडे. दुसऱ्या सकाळी पाऊस उघडला आणि बाई माणसं घेऊन आल्या. वरच्या घरांत कुणी उरलं नाही ना, ते घर न् घर बघून घेतलं. मग भिंतीच्या अगदी कडेच्या टोकाला, बाजूला उभं राहून, लांब पहारीने एक भोक मोकळं केलं. तांबडं पाणी असं पिचकारीसारखं उडालं, की खाली उभ्या असलेल्या लोकांनाही ते दिसलं. दुसरं केलं. तिसरं केलं. बाईंनी माणसांना मागे बोलावलं, म्हणाल्या, आज एवढंच, जरा वाहू दे.

आणि दुपार कलली तेव्हा मधला भाग गेला. ट्रकभर दगड ओतावेत तसा आवाज. माती अक्काच्या स्वयंपाकघरातून आत गेली आणि पुढच्या दाराशी येऊन थांबली. ओटा गेला, अडकणारं दार गेलं, इस्त्रीचं टेबल गेलं. माणूस एकही नाही गेलं. दोन्ही टोकांची भिंत तशीच उभी, एका टोकाला तीन भोकं, बाकी गुळगुळीत.

मग काय विचारता! ज्याला त्याला सगळं ठाऊक. एक म्हणाला, थापीने बुजवली म्हणून पडली. दुसरा म्हणाला, बाईंनी फोडली म्हणून पडली. तिसरा म्हणाला, थापीचा गिलावा होता म्हणून माणसं निघेपर्यंत तरी टिकली. थापी तिघांचं ऐकायचा, आणि तिघांनाही मान डोलवायचा. शेवटी त्याने बाईंनाच गाठलं.

"खरं सांगा. माझ्यामुळे पडली?"

"काका, पाणी साठलं हे खरं. पण भिंत जुनी होती, पाया कच्चा होता, वरची झाडं कुणीतरी तोडली होती, सगळ्यांच्या छपरांचं पाणी टेकडीत मुरत होतं. थोडं थोडं सगळंच. तुमचं त्यात किती, ते मला नाही सांगता येणार."

एवढी शिकलेली बाई, तिलाही सांगता येत नव्हतं. थापीला बरं वाटावं की वाईट वाटावं, हेही कळेना.

गल्लीने मात्र कामाला हात घातला. प्रत्येक घराच्या छपराचं पाणी पन्हळीतून गटारात सोडायचं ठरलं. त्यावरून भांडणंही झाली, तुझी पन्हळ माझ्या खिडकीवरून का म्हणून. नाल्यातला कचरा काढला. त्यात कुणाकुणाचं काय काय निघालं, ते सांगण्यासारखं नाही. वरच्या उघड्या मातीवर झुडपं लावली. आणि थापीला काम मिळालं भेगा बघायचं. बघायचं, बुजवायचं नाही! भेगेच्या दोन्ही अंगांना पेन्सिलीने रेघ मारायची आणि ती रुंदावतेय का ते बघत राहायचं. त्याचे हात नुसते शिवशिवायचे. बायको म्हणायची, "उपास घडतोय तुम्हाला."

अक्का थापीच्याच घरी आली. घर ते केवढं, त्यात चादरींचे गठ्ठे, दोरीवर चादरी, चादरीआडून माणसं हाका मारायची. तिचं पुढचं अर्धं घर अजून उभं होतं. बाकीची वरची घरं परत राहती होतील का, ते पावसाळा संपल्यावर बघू, असं कचेरीतले म्हणाले होते. तिच्या घराबद्दल कुणीच काही बोलत नव्हतं. एका संध्याकाळी थापी जेवून हात धुऊन आला, तर अक्का अंथरूण घालत होती.

"काय रे," ती म्हणाली, "मी परत जाईन का वर?"

एरवी त्याने लगेच म्हटलं असतं, जाशील की, चार दिवसांत बांधून देतो, पहिल्यापेक्षा झकास. तोंडापर्यंत आलंसुद्धा असेल.

"माहीत नाही, अक्का."

"मग इथे किती दिवस?"

"तेही माहीत नाही. पण आहेस तोवर इथेच."

अक्काने उशी दाबून बघितली, उलटी केली, परत दाबली.

"बरं," ती म्हणाली, "मग बायकोला सांग, मला दुसरी उशी दे. चार दिवसांची पाहुणी असते तर ही चालवून घेतली असती."